कोणी काय पाहावे, याचा धंतोलीतील बंदोबस्त

हकीकत ऐसी जे, शालिवाहन शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सरी, वैशाखमासी, नागपूर शहरी उन्हाने ऐसा अंमल बसविला की सीताबर्डीच्या सडकेचे डांबर वाटसरूंच्या चपला धरोन ठेवू लागले, आणि सायकलरिक्षेवाले डोईस ओला दुपट्टा बांधोन भर दुपारी झाडाखाली मुक्काम करू लागले. ते समयी धंतोली पेठेत मातोश्री अंजनाबाई रुग्णालय म्हणोन जे मातबर ठाणे, तेथे संगणकाचे दरबारी कोणास काय दिसावे आणि काय न दिसावे याजविशी थोर संग्राम जाहला. त्यात तोफ उडाली नाही, घोडा पडला नाही. परंतु एका मुलीची अब्रू, एका बाईची चाकरी आणि समस्त रोग्यांचा विश्वास पणास लागला होता. मोठ्या राज्यांच्या लढाया पुष्कळांनी लिहिल्या. ही धंतोलीची लढाई कोणी लिहिली नाही, सबब आम्ही लिहितो.

त्या ठाण्याची मांडणी ऐसी. मध्यभागी काचेची कोठी, तीत अष्टौप्रहर थंड हवा सोडणारे यंत्र, आणि त्या गारव्यात थोरला संगणक विराजमान. डॉक्टर घामाने भिजत, रोगी पुठ्ठ्याने वारा घालोन घेत, परंतु थोरल्याची निगा राजपुत्रासारखी. त्याचे पोटातून तारा निघोन वॉर्डात, लॅबात, नोंदणीचे खिडकीशी आणि प्रशासकांचे महाली गेल्या होत्या. जेथे तार पोहोचली तेथे हिरव्या अक्षरांचा एकेक पडदा, आणि पडद्यासमोर बसोन जो परवलीचा शब्द टंकील त्यास रुग्णालयाचा सारा मुलूख खुला. हा शब्द सर्वांस एकच होता, तो 'संत्रा'. एकदा तो बदलावा ऐसी मसलत होऊन नवा शब्द ठरविला, परंतु तो कोणाचे ध्यानी राहीना, म्हणोन पुन्हा 'संत्रा' कायम केला आणि विसर पडू नये याकरिता चिठ्ठीवर लिहोन दर पडद्यास डकविला.

काचेच्या कोठीच्या किल्लेदार जयाबाई खोब्रागडे. राहणार इंदोरा, उमर तिशीच्या आत, वडील धोंडबा गिरणीतून निवृत्त. संगणकाची विद्या पुण्यास जाऊन संपादिली, आणि तेथील नोकरी सोडोन आईच्या दुखण्यापायी नागपुरी परतल्या. बोलणे थोडके. राग आला असता ऐनक काढोन ओढणीने पुशीत बसत, आणि ऐनक जितकी वेळ पुसली जाई तितका राग मोठा, हे सारे रुग्णालय जाणून होते.

आता लढाईचे कारण. नोंदणीच्या खिडकीशी कवडूजी बावनकर म्हणोन सरदार होते. दिल नेक, हात सढळ, मात्र जिभेस लगाम नाही. त्यांणी रोग्याचे नाव-गाव तेवढे टंकावे ऐसा शिरस्ता. परंतु पान उघडे असता पुढले न वाचावे हे त्यांचे स्वभावी नव्हते. एके दिवशी पडद्यावर स्टाफनर्स कौशल्या हेडाऊ हिचे नाव आले, आणि खाली लिहिले होते की खोकला जुना, क्षयाचा संशय, थुंकी तपासास रवाना. कवडूजींचे अंतःकरण द्रवले. त्यांणी दुपारी कँटीनमध्ये, भरल्या सभेत, उकडलेली दोन अंडी कौशल्येपुढे ठेविली आणि म्हणाले, "जिवाले जपजो वं कौशल्याबाई. या बिमारीत खानंपिनं पाह्यजे."

मग काय विचारता? ती खबर कँटीनातून स्वयंपाकघरी, तेथोन फाटकाशी, आणि फाटकातून इतवारीत कौशल्येचे लग्न जेथे ठरले होते त्या घरी, सूर्य मावळण्याआधी दाखल जाहली. तिकडोन निरोप आला की यंदा कार्य नको, पुढे पाहू. तपास निर्मळ निघाला, क्षय नव्हता. परंतु ते कोणी कोणास सांगितले नाही.

कौशल्या काचेच्या कोठीत येऊन उभी राहिली.

"जयाताई, बाटलीवर माह्यं नाव म्या लिवलं, थे डॉक्टरसाठी लिवलं. मंग सगळ्यायले काहून दिसलं?"

जयाबाईंनी ऐनक काढली आणि पुसत राहिल्या.

तदनंतर परिचारिकांच्या सेनानायिका, मेट्रन इंदुताई, यांणी फर्मान काढिले की आजपासून कोणाही रोग्याची व्याधी या यंत्रात चढणार नाही. जे लिहायचे ते कागदी, आणि कागद मेट्रनच्या कपाटी. हे वर्तमान प्रशासक राजमान्य राजेश्री वामनराव मुळमुले यांचे कानी गेले. थोरला त्यांणी विश्वस्तांचे पाय धरोन आणविला होता, आणि पाहुणा आला की प्रथम काचेच्या कोठीपुढे नेऊन उभा करीत. ते बहुत संतापले आणि हुकूम दिला की महिनाअखेर विश्वस्तांची सभा आहे, तोवर याचा बंदोबस्त व्हावा. न जाहल्यास कोठीस कुलूप, आणि खोब्रागडे बाईंची रवानगी टंकलेखनाचे खोलीत.

जयाबाईंनी पहिली चाल केली ती घाईत केली, आणि तीच चुकली. भर दुपारी, सारे पडदे चालू असता, थोरल्याचेच अंगावर नवा कायदा चढविला: ज्याचा त्याचा शब्द वेगळा, ज्याची त्याची सरहद्द वेगळी. त्या कायद्यात कोठे एक ओळ उलटी पडली. मग थोरल्याने डॉक्टरांस अडविले, लॅबास अडविले, वामनरावांस अडविले आणि अखेर खुद्द जयाबाईंसही अडविले. दर पडद्यावर एकच हिरवे वाक्य, की आपणास मुभा नाही.

नेमके त्याच समयी मौद्याहून जीपगाडीत एक बाळंतीण आली. रक्त थांबेना. डॉक्टर रुपराव वाघाडे पडद्यापुढे उभे राहिले. बाईचा रक्तगट मागच्या खेपेस नोंदला होता, तो पाहावा म्हणोन. पडदा म्हणे मुभा नाही. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा टंकिले नाही. लॅबात आवाज दिला, रक्त हाताने तपासविले, आणि जी वेळ गेली ती गेली. जयाबाईंनी थोरला बंद करोन आदल्या दिवशीची नक्कल जीवर उतरविली होती ती फीत चढविली, 'संत्रा' परत तख्तावर बसविला, आणि बाळंतखोलीच्या बाहेर भिंतीस पाठ लावोन उभ्या राहिल्या. आतून मूल रडले तेव्हा तेथेच फरशीवर बसल्या.

बाई वाचली, मूल वाचले. डॉक्टर बाहेर आले ते जयाबाईंकडे न पाहता वॉर्डाकडे निघोन गेले. त्याच फरशीवर त्यांणी मनाशी करार केला की जित्या यंत्रावर पुन्हा प्रयोग नाही. एक धाकटे यंत्र वेगळे मांडावे, त्यात थोरल्याची हुबेहूब नक्कल उभारावी, कायदा तेथे चालवावा, तेथे मोडावा, पुन्हा जोडावा, आणि तेथे तावून निघाल्यावरच थोरल्यास शिवावे.

परंतु धाकटे यंत्र आणावे कोठून? नवे मागावे तर वामनराव ऐकणारे नव्हते. शोध घेता खबर लागली की थोरला येण्यापूर्वीचा एक संगणक भांडारात पडला आहे. भांडाराचे अधिपती देवराव. जयाबाई गेल्या तो संगणक दिसेना. एका कोपऱ्यात ओले फडके गुंडाळलेला माठ तेवढा दिसला, आणि माठाखाली तो संगणक.

"हे मशीन बंद हाय बाई," देवराव म्हणाले. "पन माठ मस्त बसते याच्यावर."

"मला हे पाहिजे, देवरावजी."

"मंग माठ कुठी ठेवू वं?"

"स्टूल देते."

"स्टूल हालते. हे हालत नाही."

जयाबाईंनी आपल्या कोठीतला स्टूल आणविला, डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, आणि त्यावर स्वतः चढोन उभ्या राहिल्या. देवरावांनी चहूकडोन फिरोन पाहिले. मग माठ उचलिला, परंतु उतरवताना म्हणाले की उन्हाळा सरेतो पाणी गार न जाहल्यास यंत्र परत न्यावे लागेल. ही अट मान्य होऊन तह जाहला.

यंत्र कोठीशेजारच्या अडगळीत मांडिले. तेथे थंड हवेचे यंत्र नव्हते. वाळ्याच्या ताट्यांचा एक कूलर होता, तो वारा कमी आणि शिंतोडे जास्त देई. झाकण उघडिले तो आत पालीची अंडी. ती बाजूस करोन, धूळ झटकोन, जयाबाईंनी मूळ प्रणालीच्या फ्लॉपी एकामागोन एक भरविण्यास आरंभ केला. यंत्र एक गिळी, घरघरे, पुढली मागे. ऐसे करीत मजल दरमजल अर्धी वाट चालोन गेल्यावर एक फ्लॉपी ऐसी निघाली की यंत्राने ती चावोन थुंकिली. ती भांडारात मोडक्या रेडिओच्या कर्ण्याला टेकोन पडली होती, आणि कर्ण्यातल्या लोहचुंबकाने तिचे सारे ज्ञान पुसोन टाकिले होते.

तेव्हा जयाबाई उन्हातून सीताबर्डीस स्वार जाहल्या, म्हणजे लूनावर. तेथे एका जिन्याखाली गिरिधर म्हणोन दुकानदार, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करी आणि संगणकाचा नाद बाळगी. त्याने पेटी उपसली, एक फ्लॉपी काढिली आणि म्हणाला, "ले जाओ मॅडम. पन सांगून ठेवतो, हे व्हर्जन नवं हाय. तुमच्यावालं जुनं. एकच फ्लॉपी बदलसान तं थे दोघं भांडतीन. पूराच संच न्या."

जयाबाईंस वाटले, एक नवी आणि बाकी जुन्या, काय बिघडते? म्हणोन एकच नेली. गिरिधर सांगत होता तैसेच जाहले. जुना भाग नव्यास ओळखीना, नवा जुन्यास जुमानीना, आणि यंत्र अर्ध्यात उभे राहिले. दुसरे दिवशी पुन्हा लूना, पुन्हा तेच ऊन, पुन्हा तोच जिना. गिरिधराने काही न विचारता पूर्ण संच पुढे केला आणि उसाचा रस मागविला. संच चढत असता वीज गेली. वीज आली तेव्हा पहिल्या फ्लॉपीपासोन पुन्हा आरंभ.

अखेर प्रणाली चढली. आता तिला पडदा जोडावा, कारण कोणास काय दिसते हे पडद्याविना कळावे कैसे? तार जोडिली तो पडदा मुका. जयाबाईंनी जोडणीचा वेग बदलिला, तिच्या खुणा तपासिल्या, यंत्रास विनविले, मग रागे भरल्या. ऐनक दोनदा पुसली गेली. संध्याकाळी तार उलगडोन पाहता उमगले की यंत्राचे तोंड पडद्याच्या तोंडास जोडिले होते आणि कानास कान. दोघे एकमेकांसमोर बोलत होते, ऐकणारा कोणीच नव्हता. मग गिरिधराची सोल्डरगन आणोन आतल्या दोन तारांची अदलाबदल केली. पडद्यावर हिरवा कर्सर लुकलुकला आणि नाव विचारिता जाहला. त्या आनंदात जयाबाईंनी कूलरचे पाणी तोंडावर मारून घेतले.

आता धाकट्यात रोगी हवेत. थोरल्यातले खरे रोगी उचलोन आणणे दोन मिनिटांचे काम होते, परंतु जयाबाईंनी ते हराम मानिले. याच पापाचा तर हा सारा झगडा. त्यांणी कौशल्येस बोलाविले. ती दाराशी थबकली.

"मले काय कळते याच्यातलं?"

"बिमाऱ्या कळतात ना? खोटे रोगी पाहिजेत. पण खरे वाटले पाहिजेत."

कौशल्या स्टूल ओढोन बसली. प्रथम एकेक शब्द, मग तिला गोडी लागली. तिने फुलाजी डोंगरवार निर्माण केले. मुक्काम काटोल, गुडघ्यात पाणी, स्वभाव तापट, मुले मुंबईस, विचारपूस करणारे कोणी नाही. एक पोटदुखीची सासू निर्माण केली, जिचे पोट सून माहेरी गेली की दुखे. एक हवालदार निर्माण केला, ज्यास सुईचे भय. जयाबाई टंकत आणि हसत, आणि कौशल्याही हसली. निरोप आल्यापासोन ती त्या दिवशी प्रथम हसली होती.

मग कायदा चढविला. डॉक्टर व त्या वॉर्डाची नर्स यांसी व्याधी दिसावी. लॅबास तपास दिसावा. खिडकीस नाव-गाव दिसावे. थोरल्यास होते तैसे छपाईचे यंत्रही शेजारी जोडिले, आणि कवडूजींस परीक्षेस बसविले. त्यांणी फुलाजींचे नाव उघडिले, पुढले पान मागितले. पडदा म्हणाला मुभा नाही. दुसऱ्या वाटेने गेले, मुभा नाही. ते जरा खट्टू होऊन उठले आणि जयाबाईंनी मनोमन फत्ते मानिली.

दुसरे दिवशी कँटीनमध्ये कवडूजी हाती डबा घेऊन मेजामेजाशी विचारीत फिरत होते.

"फुलाजी डोंगरवार कोन्या वार्डात हायेत गा? एकटाच म्हतारा हाय. पोट्टे मुंबईले. गुडघ्यात पानी झालं म्हने. म्या खिचडी आनली, पन कोनी सांगूनच नाही राहिलं."

सभा हसोन लोटपोट जाहली. जयाबाई हसल्या नाहीत. त्यांचे तोंड उतरले. पडद्याने अडविले असता गुडघा यांस कळला कैसा?

"कवडूजी, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोनी नाही. पडदा नाही म्हने, तं तुमी गेल्यावर म्या छापायचं बटन दाबलं. कागद आला ना बाहेर. सगळं लिवलं होतं."

तेव्हा उमगले की पहारा दरवाज्यावर होता आणि भगदाड मागल्या भिंतीस होते. छपाईचा हुकूम थोर अधिकाराने चाले, तो कोण मागतो हे पुसतच नव्हता. हा कायदा थोरल्यावर चढविला असता तर कवडूजींच्या हाती खऱ्या रोग्यांचे कागद पडते, आणि जयाबाई फत्त्याचे पेढे वाटीत बसत्या. त्यांणी कवडूजींचे आभार मानिले, ते कशाचे हे त्यांस समजले नाही. फुलाजी या जगात कधी नव्हतेच हे सांगता कवडूजींस वाईट वाटले. खिचडी जयाबाई व कौशल्या यांणी खाल्ली, आणि जेवोन लागलीच छपाईचे भगदाड बुजविण्यास बसल्या.

बुजविल्यावर इंदुताई, डॉक्टर रुपराव आणि कवडूजी यांणी मिळोन धाकट्यावर चहूकडोन हल्ले केले आणि त्यास भेदिता आले नाही. राहिली शेवटची घाटी, ती वामनराव.

वामनराव अडगळीत आले, खुर्ची पुसवोन घेतली, बसले, फुलाजींचे पान मागितले. मुभा नाही. त्यांचे कपाळी शीर उठली.

"खोब्रागडे बाई, हे काय आहे? मी प्रशासक आहे. मला सगळंच दिसलं पाहिजे."

"खाटा किती रिकाम्या, औषध किती उरलं, कोण कामावर आहे, ते सगळं दिसतं साहेब. कोणाला काय झालं, ते नाही दिसत."

"काहून नाही?"

जयाबाईंचा हात ऐनकेकडे गेला होता, तो त्यांणी खाली घेतला. "साहेब, तुम्ही इथं भरती झालात, तर तुमचा कागद कोणी पाहावा?"

"डॉक्टरनी. आणि नर्सनी, गरज पडली तर."

"कवडूजींनी?"

"छे."

"आणि प्रशासकानी?"

"प्रशासक तर मीच आहे ना."

"आज आहात, साहेब."

येथे जाणते लोक सांगतात की गतसाली वामनराव आठवडाभर रजेवर गेले होते, आणि घरचे रुग्णालय असता शस्त्रक्रिया मुंबईस जाऊन करविली होती, ती याच भयाने की आपल्या मागे चर्चा होईल. आणि पुढल्या साली ते निवृत्त होणार, व त्यांचे गादीवर त्यांचे दुय्यम बसणार, ज्यांशी त्यांचे दोन वर्षे बोलणे नव्हते. वामनरावांनी उठोन हुकूम फर्माविला की प्रशासकासही व्याधी दिसू नये; जो कोणी त्या पदी येईल त्यास हाच कायदा; आणि हे सभेत आम्ही स्वतः सांगू. दाराशी वळोन, हळू आवाजात, पुसते जाहले, "जुने कागद? मागच्या साली लॅबात काही तपास झाले असतील कोणाचे, तेही झाकले जातील ना?"

"सगळे, साहेब."

सभेच्या आदल्या रविवारी, सकाळी, रोगी थोडे असता, जयाबाईंनी आधी थोरल्याची नक्कल फितीवर काढोन ठेविली, डॉक्टरांसी कागदी रक्तगट हाताशी ठेवावयास सांगितले, आणि मग तावून निघालेला कायदा थोरल्यावर चढविला. ज्याने त्याने आपला शब्द घातला. डॉक्टर रुपरावांनी वॉर्डाचे पान उघडिले, ते उघडले. त्यांणी जयाबाईंकडे पाहोन मान हलविली. बाळंतिणीच्या त्या दुपारपासोन ते त्यांजकडे थेट पाहत नव्हते. इंदुताईंनी कपाटास कुलूप लाविले आणि परिचारिकांस यंत्रात लिहिण्याची आज्ञा केली. तपास निर्मळ होता हे उशिरा कळोन इतवारीहून कौशल्येचे घरी पुन्हा निरोप आला की आता कार्य करण्यास हरकत नाही. कौशल्येने उलट निरोप धाडिला की आपणास विचार करावयाचा आहे, आणि अद्याप ती विचारच करीत आहे.

येणेप्रमाणे धंतोलीचे ठाणे सर जाहले. 'संत्रा' पदच्युत जाहला, दर पडद्याची चिठ्ठी उतरली, खोब्रागडे बाई आपल्या कोठीत कायम जाहल्या, सभेत वामनरावांनी भाषण केले आणि त्यात जयाबाईंचे नाव एकदा घेतले, तेही बरोबर घेतले. त्याच दिवशी खिडकीशी एक तरुण बाई आली, नाव-गाव सांगितले, तपासास आत गेली, आणि काही वेळाने डोळे पुसोन बाहेर पडली. तिला काय जाहले होते, बरी जाहली की नाही, डोळे आनंदाने भरले होते की दुःखाने, हे खिडकीस ठाऊक नाही, कँटीनास ठाऊक नाही, प्रशासकांस ठाऊक नाही. आणि आम्ही इतकी बखर लिहिली तरी आम्हांसही ठाऊक नाही. पुसावयास गेलो होतो. आम्हांस मुभा नव्हती.